कडूबाच्या तळव्यातली वीण

मी एक जुनी वीण आहे. साठीला टेकलेली, कडूबाच्या उजव्या पायाच्या तळव्यात, अंगठ्याच्या बुडाशी राहणारी. मला डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आमच्या अख्ख्या धावडा गावात सापडणार नाही. त्याचं मला वाईट वाटतं असं मात्र समजू नका. मला राग येतो.

मित्रांनो, शरीर पेशींचं बनलेलं असतं हे तुम्हाला शाळेत शिकवतात. फळ्यावर पेशी काढतात, त्यांना रंग देतात आणि दोन पेशींच्या मधली जागा कोरी सोडतात. ती कोरी जागा म्हणजे मी! कोलॅजनचे चिवट दोर, ताणले तरी जागेवर येणारे बारीक धागे आणि त्यांच्यामध्ये पाणी धरून ठेवणारा चिकट लगदा, अशी माझी बांधणी आहे. पुस्तकात मला पेशीबाह्य जाळी म्हणतात, म्हणजे नावातसुद्धा मी बाहेरचीच. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण ऐकली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. अरे, कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं आणि नाचणाऱ्याचा काही दोष नसतो. तेच सांगायला मी आज तोंड उघडलं आहे.

सगुणाबाईच्या पोटात कडूबा वाढत होता, तेव्हाच माझा जन्म झाला. विणणाऱ्या पेशी दोर सोडत गेल्या आणि मी बसत गेले. पुढे तो रांगला, चालला, अनवाणी रानात हुंदडला. काटे मोडले, काचा लागल्या. दर वेळी शरीराचे राखणदार, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, तिथे हजर झाल्या. कौतुक त्यांचंच झालं. पण त्या आल्या कशावरून? माझ्याच दोरांवरून! मी तुटले की माझे तुकडे हाका मारतात. त्या हाकेवर राखणदार धावतात, जंतू मारतात, घाण खातात. मग नवी वीण बसू लागली की तीच त्यांना सांगते, आता पुरे, हत्यारं ठेवा आणि डागडुजीला लागा. राखणदारांना डोळे नसतात. ते मला चाचपतात आणि माझा ताण, माझा मऊपणा बघून लढायचं की जोडायचं हे ठरवतात.

कडूबा मोठा झाला आणि बाजा विणू लागला. त्याच्या हातची नवारीची, म्हणजे रुंद सुती पट्टीची, बाज बारा बारा वर्षं ढिली पडत नसे. चौकटीला उजवा पाय लावायचा, अंगठ्याच्या बुडाशी जोर द्यायचा आणि नवार ओढायची, ही त्याची रीत. म्हणजे प्रत्येक बाजेला त्याच्या हातांइतकीच मीही राबले. बाज झाली की तो ओंजळभर चिंचोके तिच्यावर टाकायचा. वीण एकसारखी असली तर चिंचोके पडले तिथेच थांबत. कुठे खड्डा असला तर सगळे तिकडे पळत. गिऱ्हाईक वाहवा करी आणि कडूबा मिशीत हसे. माझं नाव कुणीच घेत नव्हतं, पण ते दिवस सुखाचे होते.

मग त्याला शुगर झाली. गोळ्या आठवल्या तर घ्यायच्या, चहा मात्र गोड हवा. रक्तातली जास्तीची साखर माझ्या दोरांना चिकटली, दोर एकमेकांना जखडले आणि मी कडक होत गेले. शेजारच्या नसाही बधिर झाल्या. माझी कुरकुर कुणाला ऐकू जाणार?

गेल्या उन्हाळ्यात त्याच उजव्या पायात बाभळीचा काटा मोडला. कडूबाला पत्ताच नाही. तिसऱ्या दिवशी फरशीवर ओले डाग दिसले, तेव्हा त्याच्या बायकोला, उषाबाईला कळलं.

“अवो, पाय दाखवा बरं. रक्त गळून राह्यलंय,” ती म्हणाली.

“कशाचं रक्त? मला तर काहीच दुखत न्हाई.”

“दुखत न्हाई म्हणून तर भ्या वाटून राह्यलं.”

काटा मोडला की बिब्बा, ही इथली जुनी रीत. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की त्याचा चटका द्यायचा. दुखतं तेव्हा माणूस पाय झटकन ओढून घेतो. कडूबाला दुखतच नव्हतं! त्याने निवांत बसून चटक्यावर चटके दिले आणि काट्याने झालं नव्हतं तेवढं माझं नुकसान त्या बिब्ब्याने केलं.

पुढचं सांगताना आजही माझा संताप होतो. राखणदार आले आणि लढू लागले. विणणाऱ्या पेशींनी नवे दोर टाकले की कडूबा चौकटीला पाय लावी आणि दोर चुरडून जात. चुरा झाला की पुन्हा हाका, हाका गेल्या की आणखी राखणदार. जुन्यांचंही लढणं थांबेना, कारण ‘आता पुरे’ सांगणारी वीण उरलीच नव्हती. त्यांची हत्यारं माझ्यावरच चालू लागली. घरचेच लोक घर पाडत होते आणि त्यांना वेडं ठरवायचीही सोय नव्हती. त्यांच्या पायाखाली मीच धड नव्हते.

पावसाळा लागला तरी जखम भरेना, तेव्हा उषाबाईने त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मेलेला भाग साफ केला, जाड तळाचा बूट दिला आणि स्पष्ट सांगितलं, “सहा आठवडे या पायावर भार टाकायचा नाही. हाडापर्यंत गेलं तर अंगठा काढावा लागेल.” पट्टी बदलायची ती गावातल्या उपकेंद्रातल्या प्रीती सिस्टरने.

कडूबाने मान डोलावली, बारा दिवस कसाबसा बूट वापरला आणि मग कोपऱ्यात टाकला. राजूरच्या रस्त्यावर ढाबा चालवणाऱ्या कल्याणने चार बाजा सांगितल्या होत्या. “मी बाज विणून राह्यलो तवा हे डॉक्टर जन्मले बी नव्हते,” असं म्हणून त्याने चौकट पुढे ओढली. उषाबाईने बूट आणून समोर आपटला, त्याने बघितलं नाही. मीही हट्टी आहे मित्रांनो, पण माझा हट्ट जोडण्याचा आहे आणि त्याचा मोडण्याचा. नवार ओढता ओढता त्याने पुन्हा उजवा पाय चौकटीला लावला आणि बारा दिवसांत सावरलेली माझी सगळी वीण एका दुपारी फाटली.

पण अधू पायाने जोर सारखा लागत नव्हता. बाज झाली. कडूबाने चिंचोके टाकले आणि सगळेच्या सगळे एका कोपऱ्यात गोळा झाले. तेवढ्यात प्रीती पट्टी करायला आली आणि लाल झालेलं फडकं बघून तिचा पारा चढला.

“मामा, हे काय केलं? मी इथं जीव तोडून पट्ट्या करून राह्यले!”

“मंग काय करू बाई?” कडूबा उसळला. “माझं रक्तच नासलंय. अंगातल्या पेशीच नालायक निघाल्या. त्याला तुझी पट्टी तरी काय करणार?”

प्रीतीने बाजेकडे बघितलं. “अन् हे चिंचोके असे एकाच कोपऱ्यात का पळाले? चिंचोकेच नालायक असतील.”

“चिंचोक्याचा काय गुन्हा?” कडूबा ओरडला. “विणीत खड्डा हाय, दिसत न्हाई का? खड्डा असल्यावर ते तिकडंच जाणार! ते बिचारे...”

आणि तो थांबला. साठ वर्षांत हा माणूस बोलता बोलता थांबलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

प्रीती हळूच म्हणाली, “तुमच्या पायात बी बराबर हेच चाललंय, मामा. पेशी चांगल्या हैत. खालची वीण तुम्ही बसूच देत न्हाईत.”

कडूबाने पायाकडे बघितलं, मग बाजेकडे. मग त्याने नवारीचं टोक सोडवलं आणि अख्खी बाज उसवून टाकली. उषाबाई धावत आली. “अवो, असं काय करून राह्यले? चार दिवसांचं काम हाय ते!”

“वाकडी वीण कडूबाच्या घरातून बाहेर जात न्हाई,” तो म्हणाला. “तो बूट दे इकडं.”

मला तेव्हा रडू आलं असतं, पण माझ्याजवळ रडायला वेळ नव्हता. प्रीतीने त्याला पुन्हा तालुक्याला नेलं. तिथे जखम परत साफ झाली आणि डॉक्टरांनी बजावलं की सहा आठवडे आता नव्याने मोजायचे, म्हणजे पोळ्यापर्यंत, आणि एक दिवसही चुकायला वाव नाही. त्यानंतर तो पाय जमिनीला टेकला नाही. गोळ्या वेळेवर, चहा बिनसाखरेचा, त्यावर रोज कुरकुर आणि रोज तोच चहा. उषाबाई सकाळ-संध्याकाळ त्याचे दोन्ही तळवे निरखून बघे. आणि मी? मी एकेक दोर टाकून घेतला. आठवडाभराने पहिले राखणदार माझ्या नव्या दोरांवर उभे राहिले, त्यांनी मला चाचपलं आणि ते थबकले. हत्यारं थांबली. तेच राखणदार, त्याच रक्तातले, विणणाऱ्या पेशींना बोलावू लागले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली. जखम मिटली होती आणि अंगठा जागेवर होता. उषाबाईने डोळ्यांना पदर लावला आणि मग नवऱ्याला मनसोक्त बोलून घेतलं.

मी पहिल्यासारखी झालेले नाही. तिथे आता वण आहे, जरा राठ, जरा आखूड. असू दे. तो माझा पराभव नाही, मी हटले नाही याची ती खूण आहे. कडूबाने अंगणात दोन खुंट्या ठोकल्या. आता चौकट त्यांना अडकवतो आणि पाय बुटात ठेवून नवार ओढतो. बाजा उशिरा न्यायला आलेला कल्याण म्हणाला, “काका, मलम भारी दिसतंय तुमचं. नाव सांगा.”

“मलम बी बराबर हाय, अंगातल्या पेशी बी बराबर हैत,” कडूबा चिंचोके टाकत म्हणाला. “पण आधी खालची वीण. ती बिघडली तर कुणाचंच काही चालत न्हाई.”

साठ वर्षांत कडूबाच्या तोंडून माझं नाव पहिल्यांदा निघालं, तेही ढाबेवाल्यासमोर. चिंचोके पडले तिथेच थांबले होते.

तेव्हा मित्रांनो, घरात कुणाला शुगर असेल तर त्यांचे तळवे रोज बघा. दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका आणि बिब्ब्याचा चटका तर मुळीच देऊ नका. जखम भरत असेल तेव्हा तिच्यावर भार टाकू नका. मला भीक नको, माझा हक्क हवा आहे, कारण मी कोरी जागा नाही. आणि उद्या कुणी नाचता नाचता अडखळला, तर हसण्याआधी वाकून एकदा अंगण बघा.