एकशेसतरा नंबरची म्हैस

आमच्या जर्नलांमध्ये एकशेसतरा नंबरची म्हैस तीन महिने रिकामी होती. पशुवैद्यकीच्या चौथ्या वर्षाच्या आम्ही चाळीस जणांनी तेच लिहिलं होतं: ‘गर्भ नाही. स्वतः तपासले.’ स्वतः तपासले म्हणे! हात घातल्यासारखं करायचं, नाक मुरडायचं आणि पहिल्या रोल नंबरवाल्याने जे खरडलंय ते उतरवून काढायचं. उद्या लोक आम्हाला डॉक्टर म्हणणार आहेत.

बुधवारी सकाळी कॉलेजच्या गोठ्यासमोर टेम्पो येऊन उभा राहिला. म्हैस माजावर येत नाही, तपासणीतही गर्भ नाही, म्हणजे भाकड. ती व्यापाऱ्याला देऊन टाकायचं ठरलं होतं. पुढे तिचं काय होणार ते सगळ्यांना ठाऊक होतं.

गोठा सांभाळणारे लहूमामा तिचं दावं सोडेनात. मला बघून ओरडले, ‘‘गंधाली मॅडम, पाच महिन्यांपूर्वी कृत्रिम रेतनाचं प्रॅक्टिकल हिच्यावरच झालं ना? मग एकदा नीट बघा की!’’

मी खांद्यापर्यंत ग्लोव्ह चढवला. या वेळी घाई केली नाही. गर्भाशय जड होऊन खाली उतरलं होतं, त्यावर लिंबाएवढ्या गाठी लागत होत्या आणि बोटांखाली रक्तवाहिनी थरथरत होती. पुस्तकात वाचलेलं सगळं जिथल्या तिथे होतं. म्हैस गाभण होती! राग इतका आला की डोळ्यांत पाणीच आलं.

‘‘गप बस ना यार,’’ माझा बॅचमेट कृणाल कुजबुजला. ‘‘कोणीच तपासलं नव्हतं हे कळलं तर सगळ्यांची वाट लागेल.’’

‘‘आणि हिची लागली तर चालेल तुला?’’

मी तशीच विभागप्रमुख नंदकुमार सरांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी शांतपणे माझं जर्नल मागवलं. मागच्या महिन्याच्या पानावर माझंच सुवाच्य अक्षर होतं: गर्भ नाही. स्वतः तपासले. खाली त्यांची सही.

‘‘तेव्हा खरं लिहिलंस, की आता खरं बोलतेयस?’’

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी म्हटलं, ‘‘तेव्हा खोटं लिहिलं, सर. आणि तुम्ही न बघता सही केलीत. आता तरी एकदा हात घालून बघा.’’

घरी नाहूरला माझ्या आईने हे ऐकलं असतं तर तिथेच मुस्काटात दिली असती. सर उठले. गोठ्यात आले, ग्लोव्ह चढवला, हात घातला आणि नीट चाचपून बघितलं. मग लहूमामांना म्हणाले, ‘‘बांधा तिला परत.’’

टेम्पो तसाच परत गेला. लहूमामांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्याकडे बघून तोंडभर हसले. मला वाटलं, चला, सुटलो सगळे.

संध्याकाळी नोटीस बोर्डावर कागद लागला: ‘विभागप्रमुखांच्या नियमित तपासणीत म्हैस क्र. ११७ गाभण आढळली.’ त्याच्या शेजारी दुसरा कागद: ‘जर्नलमध्ये खोटी नोंद केल्याची कबुली दिल्याने गंधाली हिला प्रात्यक्षिकात नापास करण्यात येत आहे.’

बाकी एकोणचाळीस जणांच्या जर्नलांमध्ये ती म्हैस अजून रिकामीच आहे. ते सगळे पास झाले.