मार्जरीबाईंची तिसरी टाचणी

मला फुकटात घरी नेण्यात प्रियदर्शिनीचा फायदा असा होता, की तिच्या मार्जरीबाईंचे नवरे, मुलं आणि जमिनी तिला एका नजरेत दिसणार होत्या. त्या दिसल्या की लेख लवकर पुरा होणार, लेख पुरा झाला तर विद्यापीठातली नोकरी पुढे चालणार, आणि नोकरी चालली तरच तिला मुलीसकट सिंगापुरात राहता येणार. माझा फायदा कोणी मोजला नाही.

मित्रांनो, मी एक जुना कॉर्कबोर्ड आहे. बुचाच्या सालीचा भुगा दाबून मला बनवलं आणि भोवती चौकट ठोकली. टाचणी घुसते तेव्हा मला काही वाटत नाही. निघते तेव्हाही नाही.

माझी पहिली नऊ वर्षं सिंगापुरातल्याच क्वीन्सटाउनच्या एका ऑफिसात, चहाच्या खोलीत गेली. कप कोणी कधी धुवायचे याची यादी माझ्यावर लागे. यादी सगळे वाचत, कप कोणी धुवत नसे. तरी साहेब पाहुण्यांना मला कौतुकानं दाखवत. मग ऑफिस हललं आणि मला एका इमारतीखाली मोडक्या पंख्याला टेकवून ठेवलं गेलं. तिथून प्रियदर्शिनीनं मला उचललं आणि एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, वुडलँड्सला आपल्या घरी आणलं. डब्यातल्या लोकांनी मला सरकून जागा दिली. माणसांना देत नाहीत.

प्रियदर्शिनी इंग्लंडच्या मध्ययुगावर संशोधन करत होती. तिचा नवरा प्रमोद जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून सासूबाई, बेबीताई, नऊ वर्षांच्या नातीला सांभाळायला अकोल्याहून येऊन-जाऊन असत. नातीचं नाव आर्या. दर रविवारी सेरंगूनहून धाकटा दीर उज्ज्वल चिकन राइसची पाकिटं घेऊन येई. प्रमोदसाठी त्या घरात कोणी रडत नसे. कपडे वाळत, भात शिजे, आर्याचं शाळेचं वेळापत्रक माझ्या कोपऱ्यात लागे.

माझ्यावर मात्र रोज कोणी ना कोणी मरत होतं. मार्जरीबाई सातशे वर्षांपूर्वीच्या, सरदाराची लेक. अकराव्या वर्षी त्यांचं पहिलं लग्न झालं, बापाला शेजारची जहागीर जवळ हवी होती म्हणून. नवरा लढाईत गेला. दुसरं लग्न राजानं लावलं, सर ह्यू नावाच्या सरदाराशी. एक मुलगा झाला आणि ह्यू तापानं गेला. त्या काळी विधवेला नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा मिळे, त्यामुळे बाई जितकी दुःखी तितकी तिला मागणी जास्त.

मग प्रियदर्शिनीला एक कागद सापडला. त्यावर मार्जरीबाईंचं नाव ह्यूच्या धाकट्या भावाशेजारी होतं. भाऊ बिनलग्नाचा, नाव थॉमस. तिनं फार विचार केला नाही. नवरा गेला, जमीन घरात राहायला हवी, दीर मोकळा. पुढचं काय होतं ते आपल्याकडे कोणालाही माहीत असतं. तिच्या स्वतःच्या आजीचं तसंच झालं होतं. तिनं दोन नवऱ्यांच्या टाचण्यांशेजारी माझ्यात थॉमसच्या नावाची तिसरी लाल टाचणी टोचली, मार्जरीबाईंपासून तिथवर दोरा ओढला आणि लेख पाठवून दिला.

त्या टाचणीकडे सगळ्यात जास्त लक्ष गेलं बेबीताईंचं.

"प्रिया, हा तिसरा कोण?"

"दीर, आई."

"बघ बाई. सरदारांच्या घरातसुद्धा हीच रीत."

त्यांचा हिशेब पक्का होता. उज्ज्वलचा पगार मोठा, त्याच्या नोकरीच्या पासवर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, दोघी इथे राहतील. आर्याची शाळा सुटणार नाही. सुनेला नवं घर नको, नवं आडनाव नको, आणि पस्तिशीच्या मुलासाठी बायोडेटा फिरवायला नको. दोघांचं लग्न विहारात साधेपणानं उरकू, असं त्या प्रत्येक जेवणाला सांगत. आर्या भाताकडे बघत, तिच्या शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत, एकदाच म्हणाली, "आजी, काका इज काका, लाह." आजीनं तिला वरण वाढलं.

उज्ज्वल एका रविवारी माझ्यासमोर उभा राहून बराच वेळ थॉमसचं नाव वाचत होता.

"वहिनी, हा सुखी होता का?"

"कागदात तसं काही लिहीत नाहीत."

"बरोबर आहे. मलाही कोणी विचारलेलं नाही," तो म्हणाला आणि पाकिटं उघडायला लागला.

महिन्याभरानं लेख परत आला. तपासणाऱ्यानं दोनच ओळी लिहिल्या होत्या. त्या काळच्या इंग्लंडात दिराशी लग्न धर्माला मान्य नव्हतं, पोपची खास परवानगी लागे. ती कुठे आहे? प्रियदर्शिनीनं सगळे कागद पुन्हा काढले. परवानगी नव्हतीच, कारण लग्नच नव्हतं. थॉमस भावजयीच्या जमिनीची नुसती देखरेख करत होता. उलट एका नोंदीत मार्जरीबाईंनी राजाला चाळीस पौंड भरले होते, आपल्या मर्जीविरुद्ध आपलं लग्न लावू नये म्हणून.

जेवताना तिनं ते सांगितलं.

"आई, ती तिसरी टाचणी चुकली होती. तिनं दिराशी लग्न केलं नाही. पैसे भरून एकटी राहिली."

बेबीताईंनी ताट बाजूला सारलं. "आणि तिचा मुलगा?"

"ह्यूचा वारस होता तो, आणि लहान वारसावर हक्क राजाचा. राजानं त्याचा ताबा दुसऱ्या सरदाराला विकला. सात वर्षांचा होता."

"तिनं नेऊ दिला?"

"दोन्हीसाठी पैसे पुरले नसतील."

"तुझे पुरतील का?"

प्रियदर्शिनी ताटावरून उठली. तिनं टाचणी काढली, दोरा गुंडाळून खणात टाकला. सुधारलेला लेख स्वीकारला गेला. नोकरी एक वर्ष वाढली, पण अर्ध्या वेळेची आणि अर्ध्या पगाराची, आणि तेवढ्या पगारावर मुलीला सोबत ठेवायचा पास मिळत नाही. बेबीताईंनी उज्ज्वलशी लग्नाबद्दल तिला सरळ विचारलं. ती नाही म्हणाली, शांतपणे, जसं दुकानात पिशवी नको म्हणतात.

जूनमध्ये बेबीताई आर्याला घेऊन अकोल्याला गेल्या. निघताना आर्यानं आपलं वेळापत्रक उतरवलं, घडी घातली आणि जरा थांबून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. "तिथे दुसरं असेल," ती म्हणाली. चांगी विमानतळावर रडारड झाली नाही, असं उज्ज्वल परत आल्यावर सांगत होता.

आता माझ्यावर धूळ आहे. मित्रांनो, मला पुसलं नाही तरी चालेल. बुचाला काही लागत नाही. पण तुमच्या घरात मोठी माणसं दोरे ओढायला बसली आणि त्या दोऱ्याच्या टोकाला एखादं लहान मूल असलं, तर आधी त्याला जवळ बसवा आणि विचारा. भाताकडे बघत ते एकदाच बोलेल. तेवढं ऐका.

बाकी हिशेब सरळ आहे. बेबीताईंना नात मिळाली. उज्ज्वल सुटला. प्रियदर्शिनी मार्जरीबाईंसारखीच स्वतःच्या मर्जीची मालक राहिली. त्याची किंमत तिकडे सात वर्षांच्या मुलानं भरली, इकडे नऊ वर्षांच्या मुलीनं.