तिसरा ‘ठीक’ आहे

मित्रांनो, मी एक लोड बॅलन्सर आहे. नाव भारी, काम हमालाचं. लोक संकेतस्थळावर अर्ज भरतात, ते आधी माझ्याकडे येतात आणि मी ते मागच्या तीन सर्व्हरांना पाळीपाळीने वाटतो. कुणा एकावर भार पडू नये, एवढ्यासाठी माझा जन्म.

क्लाउड, क्लाउड म्हणतात, पण ढगबिग काही नाही. दूरच्या इमारतीतले भाड्याचे संगणक. कचेरीतल्या चष्मेवाल्या इंजिनिअरने पडद्यावर काहीबाही निवडलं आणि मी उभा राहिलो. मी कोसळलो तर काम धरायला माझा जुळा भाऊही शेजारी उभा केला. आमच्याकडे डायलिसिस केंद्राच्या वेळांची नोंदणी होती. ज्यांची मूत्रपिंडं थकली, त्यांचं रक्त तिथे यंत्रावर शुद्ध करतात. ती वेळ हुकली की माणसाचं काही खरं नाही. आम्ही चालू झालो तेव्हा साहेबांनी पाठ थोपटली, अर्थात चष्मेवाल्याची.

मला शिकवलं होतं, की प्रत्येक सर्व्हरला सारखं विचारत राहायचं, बरा आहेस ना? उत्तर आलं नाही तर त्याला काम द्यायचं नाही आणि कचेरीत घंटा वाजवायची. तिसरा मुळातच रडतराऊत. त्याच्यापायी घंटा सारखी वाजे.

“अरे, ती कटकट बंद कर बाबा,” साहेब म्हणाले. “पाहुण्यांसमोर लाज जाते.”

“सर, तिसरा खरंच आजारी पडतो. एकदा उघडून बघायला हवं.”

“बघू निवांत. तोवर त्याला शिकव, कुणीही विचारलं तरी ठीक म्हणायचं.”

आणि चष्मेवाल्याने शिकवलं. शी! दुखणं तसंच ठेवून तोंडात ‘ठीक’ कोंबलं. कचेरीत शांतता झाली, सगळे खूश. मला मात्र तेव्हापासून ह्या लोकांची किळस येते. जेवणाआधी साबणाने हात धुणारी ही माणसं, आणि काम असलं घाणेरडं!

पुढे, सगळ्या नोंदी जिथे जपून ठेवतात त्या मुख्य साठ्याशी तिसऱ्याचा संबंधच तुटला. तो अर्ज घ्यायचा, ‘नोंद झाली’ म्हणायचा आणि गिळून बसायचा. बाकीचे दोघे धापा टाकत उत्तर देत. हा पठ्ठ्या क्षणात. मला कळत होतं. पण विचारलं की तो म्हणे, ठीक. मग नियमाने त्याला काम देणं भाग होतं.

एका मुलीने वडिलांसाठी वेळ मागितली. अर्ज तिसऱ्याकडे गेला. ती त्यांना धरून धरून केंद्रावर घेऊन गेली, तर तिथल्या सिस्टरांकडे नावच नाही. सगळी यंत्रं भरलेली. तिने घरी येऊन त्याच संकेतस्थळावर तक्रारीच्या चौकटीत लिहिलं, ‘बाबांच्या पायांना सूज आहे, श्वास लागतोय. कुणीतरी बघा हो.’

तो मजकूर माझ्या हाती आला तेव्हा पाळी तिसऱ्याची होती. मी विचारलं. तो म्हणाला, ठीक. मी दिला. तिला लगेच उत्तर गेलं, ‘धन्यवाद, नोंद झाली.’

मित्रांनो, घंटा वाजली तर तिचं तोंड दाबू नका, उठून बघा. आणि तुमची आई, काका, कुणीही असल्या कचेरीत असेल, तर आत्ताच त्यांना उठवा. म्हणावं, आधी तिसऱ्याला उघडा. ती मुलगी उत्तर आलं म्हणून फोन हातात घेऊन बाबांजवळ बसली आहे.