मल्लव्वाच्या खोलीतली फरशी

मित्रांनो, मी एक जुनी शहाबादी फरशी आहे. रंगाने काळसर, एका कोपऱ्याचा टवका उडालेली. माझ्यावरून पुष्कळ पाय गेले, पण मला सांगायचं आहे ते एकाच खोलीचं.

शहाबादच्या खाणीत पाथरवटांनी मला घडवलं आणि मालगाडीने मी सोलापुरात आले. शहरात मार्शल लॉ झाला, त्याच्या आदल्या सालची ही गोष्ट. तेव्हा नाल्याच्या काठाला विणकरांच्या झोपड्या होत्या. जागेचा मालक मनाला येईल तेव्हा भाडं वाढवी, आणि नाही दिलं तर छपराचे पत्रे काढून नेई. मग शहराच्या कारभाऱ्यांनी एक घर कमिटी नेमली. तिने कराच्या पैशातून गरिबांसाठी चाळ बांधली. भाडं थोडं, आणि उठवायला कुणी येणार नाही. मातीच्या जमिनीत उंदीर बिळं करतात, प्लेग येतो, म्हणून प्रत्येक खोलीत आम्हाला बसवलं. एकच नियम कडक होता. फरशी उखडली, तर खोली गेली.

हेतू चांगला होता. पण हातमाग कसा चालतो, हे कुणी विणकराला विचारलं नव्हतं. विणकर जमिनीत खड्डा करतो, त्याच्या काठावर बसतो आणि पाय खाली सोडून पायाखालच्या फळ्या दाबतो. खड्डा नसेल तर माग म्हणजे नुसती लाकडं.

माझ्या खोलीत चनबसप्पा विणकर आणि त्याची बायको मल्लव्वा राहायला आली. नाल्याकाठच्या ओलीत त्यांची दोन मुलं गेली होती. पहिल्या दिवशी मल्लव्वाने मला पुन्हापुन्हा पुसलं आणि मग गाल टेकवून पाहिला.

"कोरडी हाय की," एवढंच ती म्हणाली.

चनबसप्पा दुसऱ्याच्या मागावर मजुरीला जाई. त्यात दोघांचं भागेना. शेवटी नवराबायकोने पहार घालून मला उचललं आणि माझ्या जागी खड्डा खणला. माग सुरू झाला. तो चालू असताना मी भिंतीला टेकून उभी असे. कमिटीचा ओवरसियर यायचा असला की मला खड्ड्यावर आडवं करीत. एक बाजू त्याने धरायची, एक तिने, अशी रीत बसली होती. मी एका माणसाला पेलणारी नव्हते.

ओवरसियर आल्याची खबर शेजारची बजाबाई देई. ती मंगळवेढ्याकडची. दारात उभी राहून हाक मारी, "मल्लव्वा, इस्तू हाय का गं?" शेजारणीकडे चुलीसाठी विस्तव मागणं रोजचंच, त्यामुळे कुणाला संशय येत नसे. बजाबाई म्हणे, त्या मेल्याला वाटत असंल, हिची चूल कदी पेटतच न्हाय.

ओवरसियर आत येऊन बघे. जमीन सपाट, माग उभा. हा कशाला ठेवलाय, असं तो विचारी. विकायचा हाय साहेब, गिऱ्हाईक बघतोय, असं चनबसप्पा सांगे. दोन वर्षं तो गिऱ्हाईक बघत होता. ओवरसियर तेवढं ऐकून पुढच्या खोलीकडे जाई.

मग मल्लव्वाला दिवस गेले. मला पुसता पुसता ती बजाबाईला म्हणाली, "हिच्यावर माझं लेकरू रांगंल बग." तेव्हापासून चनबसप्पा तिला मला हात लावू देईना. बजाबाईचा नवरा ज्ञानबा माझी दुसरी बाजू धरायला येऊ लागला.

त्या दिवशी चनबसप्पा विणलेली लुगडी द्यायला साखर पेठेत गेला होता. ज्ञानबा गिरणीत होता. आणि बाहेरून हाक आली, "मल्लव्वा, इस्तू हाय का गं?"

मल्लव्वाने खड्ड्याकडे पाहिलं, मग दाराकडे. खोली गेली की पुन्हा नाला, पुन्हा ओल. तिने एकटीने मला धरलं. मित्रांनो, दगडाला जड असण्यावाचून दुसरं काही येत नाही. काठाशी मी निसटले, माझा कोपरा आपटून टवका उडाला, आणि तिने मला पोटावर झेललं. तरी तिने मला खड्ड्यावर नीट बसवलं. मग ती माझ्यावरच बसली.

ओवरसियर आत आला. बरोबर दोन माणसं आणि मोजायची टेप होती.

"बसा बाई, उठू नका," तो म्हणाला. "तुमच्या खड्ड्याचं माप घ्यायला आलोय. विणकरांच्या खोल्यांत आता कमिटीच खड्डे बांधून देणार. गेल्याच महिन्यात ठरलं."

बजाबाई दारात आली होती. तिने विचारलं, "मग सांगितलं का न्हाय?"

"ते सांगायलाच तर आलो," ओवरसियर म्हणाला. खड्डा आहे हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं.

मल्लव्वा खरंच उठली नाही. तिच्याखाली मी ओली होत होते, हे आधी बजाबाईला दिसलं. चनबसप्पा परत आला तेव्हा ती जिवंत होती. दिवे लागेपर्यंत ती गेली. मूलही गेलं.

कमिटीने शब्द पाळला. विणकरांच्या खोल्यांत विटांचे चांगले खड्डे बांधून दिले. गवंडी आमच्याही दारात आला, पण चनबसप्पाने त्याला परत पाठवलं. त्याने आपला खड्डा मातीने भरला आणि ज्ञानबाच्या मदतीने मला कायमचं बसवलं. मागाला खरोखरचं गिऱ्हाईक मिळालं. आता चनबसप्पा भोंगा झाला की गिरणीत जातो. खोली मात्र त्याच्याकडेच आहे, कारण इथून कुणी उठवत नाही. आणि बजाबाई विस्तव मागायला दुसऱ्या दारी जाते.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, गरिबांसाठी घरं बांधाल. ज्याला तिथे राहायचं आहे, त्याला आधी विचारा. आणि त्याच्यासाठी नियम बदललात, तर त्याच दिवशी त्याच्या दारी जाऊन सांगा.

परवा चनबसप्पाने माझा फुटका कोपरा चुन्याने भरला आणि हाताने गुळगुळीत केला. आता कशाला करतोस, म्हणून ज्ञानबाने विचारलं.

"रांगताना गुडघ्याला लागतंय," तो म्हणाला.