वखारीला वळसा

वखारीचं दार सताड उघडं दिसलं आणि म्हाळूच्या हातातली साखळी सैल पडली.

आता उघड्या दाराला कुणी घाबरतं का? पण बावीस वर्षं सरकारची मोजणीची साखळी ओढलेला, पायाजवळून नाग सळसळत गेला तरी हातातली कडी न सोडलेला म्हाळू जरीबकश त्या दारासमोर गपकन थांबला. आजवर हे दार त्याने बंदच पाहिलं होतं. आज दोन्ही फळ्या भिंतीला टेकलेल्या, उंबऱ्यावर पाणी शिंपडलेलं, आणि आत मोहनराव मालक स्वतः उभे. डोक्याला नवा रुमाल, चेहऱ्यावर लग्नघरातलं हसू.

"या, या अमीनसाहेब! ऊन लई झालं. आधी सरबत घ्या, मग मोजा. साखळी सरळ आतून जाऊ द्या. मागच्या दारानं निघालं की समोरच सरकारी दवाखाना."

मोजणीवरच्या अमीन राधाकिशनने कपाळावरचा घाम पुसला. माणूस कामाला चोख, पण वरच्या साहेबाचं नुसतं नाव निघालं तरी त्याची शाई सांडायची. गेले आठ दिवस तो आणि त्याचे दोन जरीबकश बीडचा एकेक मोहल्ला पालथा घालत होते. मानमोडीच्या तापाच्या साथीत गाव निम्मं झालं, त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. मग हैदराबादेहून हुकूम आला की प्रत्येक मोहल्ल्यापासून दवाखाना किती लांब, धान्याचं दुकान किती लांब, टपाल किती, पाणी किती, ते साखळीनं मोजा. ज्या मोहल्ल्याला दवाखाना सगळ्यात लांब, तिथे दवाखान्याची शाखा निघणार. सात मोहल्ले मोजून झाले होते. सगळ्यात लांब भरली होती ती मोहनरावांच्या वाड्याची पेठ, ब्याण्णव जरिबा, म्हणजे ब्याण्णव साखळ्या. शाखेला जागा म्हणून मोहनरावांनी पेठेतली आपली ओसरी देऊ केलीच होती, वर आपल्या नावाची पाटी लागेल या बोलीवर. राहिला होता शेवटचा मोहल्ला, धनगरवाडा. म्हाळूचा.

आणि धनगरवाडा होता वखारीच्या या अंगाला, दवाखाना त्या अंगाला. मधून साखळी गेली तर सगळं मिळून सव्वीस जरिबा. काम खलास.

पुढची कडी धरलेला बंकट मागे आला. तो म्हाळूच्या लांबच्या बहिणीचा पोर, तिशीतला, तोंडाने फटकळ. तो कुजबुजला, "मामा, आतून गेलो तर आपली शाखा बोंबलली. पर सळया तर तुमच्याच हातात हायेत. धाच्या जागी वीस सांगा. अमीन काय मागं वळून बघतोय?"

"तोंड सांभाळ बे."

"कावून? कोणाचं काय जातंय?"

"माजं जातंय," म्हाळू म्हणाला.

खरं होतं ते. हातभर लांबीच्या दहा लोखंडी सळया, कडीला लाल चिंधी बांधलेल्या. बंकट साखळी ताणून पुढे सळई रोवायचा, मागून म्हाळू ती उपटून घ्यायचा. दहा जमल्या की त्या बंकटच्या हातात परत द्यायच्या आणि अमीनने वहीत रेघ ओढायची. म्हाळूला अक्षर येत नव्हतं, पण त्याच्या हातातल्या सळया म्हणजेच सरकारचा आकडा. बावीस वर्षांत त्याची एक सळई हरवली नव्हती की एक आकडा हलला नव्हता. भावाभावांच्या वाटण्या त्याच्या साखळीवर तुटल्या होत्या, आणि हरलेला भाऊसुद्धा म्हणायचा, म्हाळूनं मोजलंय ना, मग झालं. एवढी एकच इस्टेट होती बिचाऱ्याची.

पण सव्वीस हा आकडाही खोटाच होता. ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"चला रे," राधाकिशन म्हणाला. "साखळी आत घ्या."

म्हाळू हलला नाही.

"साहेब, एक इचारू का? पैल्या दिवशी तुमी हुकूम वाचून दाखिवला व्हता. रयत ज्या वाटेनं येती-जाती त्या वाटेनं मोजा, आसं व्हतं त्यात."

"होतं. मग?"

"ही वाट रयतेची न्हाई. हे दार आमाला बंद असतंय."

राधाकिशनने मान खाली घातली. बावीस वर्षांत म्हाळूने त्याला किंवा त्याच्या आधीच्या अमिनांना कधी उलट शब्द दिला नव्हता, आणि आज दिला तो नेमका मोहनरावांच्या उंबऱ्यावर!

मोहनराव मात्र मोठ्याने हसले. "आरं म्हाळू, डोळ्याला झापड आली का काय तुझ्या? दार उघडं हाय की समोर! आमी कवा कोणाला आडिवलंय? त्रिंबक, सांग रे, दार बंद असतंय का आपलं?"

राखणदार त्रिंबकने काठी या हातातून त्या हातात घेतली. तो म्हाळूकडे बघेना. "न्हाई मालक. उघडंच असतंय."

काय माणसं असतात पाहा. हाच त्रिंबक, हेच दार. मानमोडीच्या साथीत भर दुपारी म्हाळू आपल्या बायकोला, सारजाबाईला, पाठीवर घेऊन याच दाराशी आला होता. तिचं अंग तव्यासारखं तापलेलं, श्वास घरघरत होता. आतून त्रिंबक म्हणाला होता, "मालक झोपल्यात. उठिवलं तर माजी भाकर जाईल. वळसा घालून जा." दाराच्या फटीतून म्हाळूला वखारीचं मागचं दार दिसत होतं, आणि त्याच्या पलीकडे दवाखान्याची पांढरी भिंत. एवढी जवळ. त्याने दारावर डोकं आपटलं, हात जोडले, आणि मग तो वळला.

"लिहा अमीनसाहेब," मोहनराव म्हणाले. हसू तेच, पण आवाज उतरला होता. "दार उघडं. वाट खुली. का जरीबकशाच्या सांगण्यावर दप्तर चालतंय तुमचं? मला जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांकडं जायचंच हाय उद्या. त्यांच्या कानावर घालतो मग."

राधाकिशनने वही उघडून टाक हातात घेतला. त्यालाही बायकापोरं होती, बदलीची भीती होती. तो म्हाळूवर खेकसला, "पुरावा काय आहे तुझ्याकडे? दार तर उघडं दिसतंय! मी काय लिहू?"

पुरावा! बंद दाराचा पुरावा कुठून आणायचा माणसाने? तेवढ्यात म्हाळूला गल्लीच्या तोंडाशी धनगरवाड्यातली साखराबाई दिसली. म्हातारी लंगडत येत होती. पायात बाभळीचा काटा मोडून पाय चिघळला होता, आणि दर तिसऱ्या दिवशी ती पट्टी बदलायला दवाखान्यात जायची.

"साहेब," तो घाईने म्हणाला, "ती म्हातारी दवाखान्याला निघालीया. कोणी तिच्यासंगं बोलू नका. मी न्हाई, मालक न्हाई, कोणीच न्हाई. ती जिकडून जाईल तिकडून मोजा. ह्या दारातून गेली, तर सव्वीस लिहा आन् मला आजच कामावरून काढा."

बंकटने डोळे मिटले. दार उघडं होतं ना! पाय चिघळलेली बाई, समोर उघडं दार, पलीकडे दवाखाना. कोण आंधळा वळसा घालेल? मामाने स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेतला, असंच त्याला वाटलं.

राधाकिशनने मोहनरावांकडे पाहिलं. मोहनराव खुशीत होते. "कबूल! आरं, आमालाबी बघू द्या म्हातारीची अक्कल."

साखराबाई एकेक पाऊल टाकत जवळ आली. तिने माणसं पाहिली, साखळी पाहिली, म्हाळूला ओळखलं. मग तिची नजर उघड्या दाराकडे गेली. ती थबकली. आतलं अंगण स्वच्छ झाडलेलं, आणि अंगणापलीकडे दवाखान्याची भिंत उन्हात चमकत होती. जा म्हातारे, असं म्हाळूच्या मनात आलं, आणि जाऊ नको, असंही आलं. तिचा पाय ठणकत होता हे त्याला दिसत होतं.

साखराबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. दाराकडे पाठ केली आणि भिंतीच्या कडेकडेने, नदीच्या उताराकडे वळली.

"आगं ए!" मोहनराव ओरडले. "इकडून ये की! दार उघडं हाय!"

म्हातारी दचकली. मागे न बघताच तिने हात जोडले. "न्हाई मालक! म्या आत पाऊल न्हाई टाकलं. देवाशपथ न्हाई टाकलं. जातीया मी, जातीया." आणि दुखऱ्या पायाने ती जवळजवळ पळत सुटली. त्याच वेळी त्रिंबकची काठी उंबऱ्यावर आडवी पडली होती. सवय हो, दुसरं काय! आपण काय केलं हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा सगळे त्या काठीकडेच पाहत होते.

राधाकिशनने पुढे आणलेला सरबताचा पेला न पिताच बाजूला सारला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण वही त्याने घट्ट बगलेत धरली.

"साखळी उचला," तो म्हणाला. "बाईच्या मागे चला."

"अमीनसाहेब, इचार करा," मोहनराव म्हणाले.

"केला. आपण तालुकदारसाहेबांना जरूर भेटा. मीही कागदावर लिहिणारच आहे, काठीसकट."

मग साखळी निघाली. वखारीच्या भिंतीला लागून खाली, बाभळींतून, बिंदुसरा नदीच्या वाळूत. दहा झाल्या, रेघ. वीस झाल्या, रेघ. वाळूत पाय रुतत होते, साखळी तापून हात पोळत होती. बंकट पुढून जोशात ओरडायचा, "रोवली!" म्हाळू मागून म्हणायचा, "उचलली." साखराबाई केव्हाच दिसेनाशी झाली होती, पण वाळूत तिची पावलं उमटलेली होती. एक पूर्ण, एक अर्धं.

म्हाळूला त्या पावलांची गरज नव्हती. ही वाट त्याने एकदा मोजली होती. तेरा पावलांची एक जरीब, हे त्याच्या पायाला पाठ होतं. पाठीवर बायको मरणाला टेकलेली असताना कुणी पावलं मोजतं का? कसला मेला नवरा म्हणायचा हा! पण बावीस वर्षांची खोड, ती कुठे जाते? तोंडाने तो खंडोबाला हाका मारत होता आणि आत कुठेतरी आकडा चाललाच होता. वाळू संपून चढ लागला तिथे, पडक्या घाटाच्या दुसऱ्या पायरीशी, सारजाबाईने त्याच्या मानेवरचे हात सोडले. "थांबा वाईच," एवढंच म्हणाली. त्याने तिला खाली ठेवलं. सत्त्याण्णव जरिबा. हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. लोक काय म्हणाले असते?

"रोवली!" बंकट घाटाच्या पायरीशी ओरडला.

म्हाळू सळईपाशी आला. दुसऱ्या पायरीच्या बुडाशी, मऊ मातीत ती उभी होती, लाल चिंधी वाऱ्याने हलत होती. सत्त्याण्णवावी. त्या दिवशीच्या पायांनी कसूर केली नव्हती तर! त्याने वाकून सळईला हात घातला. गार लागली, सावलीत होती म्हणून. तो तसाच वाकून राहिला.

"मामा, उचलली का?"

म्हाळूने सळई तशीच ठेवली, हात सोडला आणि साखळी धरून पुढे चालू लागला.

तीन जरिबा झाल्यावर त्याने जमलेल्या सळया बंकटच्या हातात ठेवल्या. बंकटने मोजल्या, पुन्हा मोजल्या. "मामा, नऊच हायेत!"

राधाकिशनचा टाक वहीवर थांबला. "नऊ? मग नव्व्याण्णव लिहू की शंभर? म्हाळू, आजच्या दिवशी घोळ नको. उद्या मोहनराव दहा वकील उभे करतील."

"शंभरच हायेत साहेब. एक सळई मागं ऱ्हायली. सत्त्याण्णवाव्या जागी."

"राहिली? तुझ्याकडून? मग जा, घेऊन ये."

म्हाळू जागचा हलला नाही. "आजच्या दिवस राहू द्या तिथं. माजी सारजा तिथं गेली. त्या दारातून सोडलं असतं तर..."

बंकटने तोंड फिरवलं. राधाकिशनने घाटाखाली पाहिलं. लाल चिंधी तेवढी दिसत होती. मग अमिनाने टाक शाईत बुडवला आणि शंभराची रेघ ओढली.

दवाखान्याच्या पायरीला साखळी टेकली तेव्हा एकशे चौतीस जरिबा भरल्या. साखराबाई ओसरीवर बसून पट्टी बांधून घेत होती. राधाकिशनने तिथेच उभ्या उभ्या लिहिलं: धनगरवाडा, एकशे चौतीस, सर्व मोहल्ल्यांत अधिक. खाली सही केली, शाई सुकायला वाळू भुरभुरली, वही मिटली. शाखा कुठे निघणार हे आता कुणाच्या ओसरीवर ठरणार नव्हतं.

दिवस मावळायच्या आत तहसिलीत सामान जमा झालं. कारकुनाने साखळी मोजून घेतली, सळया मोजून घेतल्या आणि नवलाने वर पाहिलं.

"म्हाळू, एक कमी आहे. काय लिहू?"

"गहाळ लिहा," म्हाळू म्हणाला.

बावीस वर्षांत त्याच्या नावापुढे पहिल्यांदाच तो शब्द पडला. कारकुनाने पुढे केलेल्या शाईत त्याने अंगठा बुडवला, कागदावर नीट दाबून उमटवला, आणि धनगरवाड्याकडे निघाला, वळशाच्या वाटेने.