दोन दातांमधली जागा

आईचं हसू परत आलं ते दंतवैद्य बाईंच्या खुर्चीत, भर सकाळी, आणि ते इतक्या मोठ्यानं आलं की मी दचकून हातातला आरसा खाली पाडला. फुटला नाही, हे नशीब. दचकणं माझ्या पाचवीला पुजलेलं आहे. दाराची बेल वाजली तरी माझ्या हातून काहीतरी सांडतं. बाबा म्हणतात, "हिला जन्मतानाच कुणीतरी भॉक केलंय." पण त्या सकाळी बाबाही दचकले, बाईही दचकल्या, आणि मग आम्ही सगळेच वेड्यासारखे हसत सुटलो.

जिन्यात पाय घसरून आईचे वरचे पुढचे दोन दात पडले, तेव्हा मी कॉलेजात होते. कवळी बसवली, पण ती टाळूशी कधी जमवून घेईना, आणि एकदा शेजारच्या काकूंसमोर ती सरळ चहाच्या कपात पडली, तेव्हापासून आईनं हसणं सोडल्यातच जमा होतं. हसायची, पण तोंडावर हात ठेवून, आवाज गिळून. "हात काढ गं," मी म्हणायचे. "राहू दे," ती हाताआडून म्हणायची. आणि ही कोण, तर जिचं हसू गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं, ती! पुढच्या दोन दातांमधे तिला बारीकशी फट होती आणि हसताना त्या फटीतून एक शिट्टी निसटायची. मी पुढे दात बनवणाऱ्या लॅबमध्ये लागले ते पोटापाण्यासाठी, असं मी सगळ्यांना सांगते. खरं कारण तो हात होता.

शेवटी आईनं मनावर घेतलं. जबड्याच्या हाडात दोन स्क्रू बसले, हाडानं ते आपलेसे करायला काही महिने घेतले, आणि मग तिच्या तोंडाचं माप लॅबमध्ये माझ्याच टेबलावर आलं. आम्ही दात आधी मेणात कोरतो, ते तोंडात बसवून पाहतो, आणि पसंत पडले की मग पक्के करतो. आईचा जुना फोटो समोर ठेवून मी कोरत गेले, आणि हातानं आपसूक मधे फट सोडली.

आईनं ते मेणाचे दात आरशात पाहिले. "ही फट भरून टाक."

"अगं, पण ती तुझीच आहे."

"होती. नवं घर बांधायचं आणि जुनं भोक ठेवायचं?"

"त्या फटीतून आमच्या संसारात वारा यायचा," बाबा कोपऱ्यातून म्हणाले.

"म्हणूनच तुमचं डोकं थंड राहिलं," आई म्हणाली, आणि विषय संपला.

मी फट भरली. पक्के दात असे शेजारी शेजारी बसवले की मधून दोरा ओढला तर 'टक्' असा आवाज करूनच जाईल. काम चोख झालं. बाईंनी ते स्क्रूवर घट्ट केले, आई हसली, आरसा पडला.

नंतरचे दिवस म्हणजे घरात नुसता आनंदीआनंद. आईनं चावायचा सपाटाच लावला. कणसं, गाजरं, कडक पाव, आणि सफरचंद तर चाकू न लावता, उभ्याउभ्या. बाबांनी लग्नाच्या वेळचे शिळे विनोद बाहेर काढले, आणि त्यांनाही ती खो खो हसायची. शिट्टी तेवढी नव्हती. ती कुठून असणार? फट मीच तर भरली होती.

एका दुपारी फोन आला म्हणून आई अर्धं सफरचंद ताटलीत ठेवून उठली. मी सहज पाहिलं आणि पाणी पिता पिता थांबले. चाव्यात दोन दातांचे स्वच्छ ठसे होते, आणि त्या दोन ठशांच्या मधे गराची एक बारीक, उभी कड शिल्लक होती. दातांमधे जागा असेल तरच अशी कड राहते. मी दिवसभर हेच ठसे वाचते. माझी चूक होणार नाही.

दात सरकले म्हणजे स्क्रू सैल झाले, स्क्रू सैल म्हणजे ते काढणार, आणि मग पुन्हा तो हात. मी आईला खिडकीपाशी नेऊन 'आ' करायला लावलं. दोरा घातला. टक्. फट नव्हतीच. बाईंनी एक्स-रे काढला आणि म्हणाल्या, "दगड आहेत दगड. तू जरा झोपत जा गं."

तरी मी लॅबमधून मेणाची पट्टी आणून आईला तिच्यावर चावायला लावलं. मधे कड. त्यात प्लास्टर ओतलं, ते सुकल्यावर सोडवलं, तर माझ्या तळहातावर फोटोतले जुने दात आले, त्या फटीसकट. मी ते रुमालात गुंडाळून खणात सारले आणि कुणाला काही बोलले नाही. ती हसत होती ना? मग माझं काय अडलं होतं!

रविवारी तिघं गच्चीत ऊन खात बसलो होतो. आई सफरचंद खात होती आणि मी, अर्थात, तिच्या तोंडाकडे बघत होते.

"नजर लावतेस का माझ्या दातांना? घे, खा," म्हणून तिनं उष्टं सफरचंद माझ्या हातात दिलं.

मधली कड पांढरीशुभ्र दिसत होती. मी नेमकी तिथेच दात लावले, आणि ती कड माझ्या पुढच्या दोन दातांच्या मधे, कुठेही न मोडता, अलगद जाऊन बसली. माझे दात लहानपणापासून एकमेकांना चिकटून आहेत.

तेवढ्यात बाबांनी काकूंच्या चहाची आणि कवळीची गोष्ट नक्कल करून सांगितली, आणि आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. त्या हसण्यातून एक बारीक शिट्टी निसटली.

"आली! शिट्टीपण परत आली!" बाबांनी टाळी वाजवली.

आई हसायची थांबली होती. ओठ मिटून ती माझ्याकडे बघत होती, आणि शिट्टी अजून ऐकू येत होती.

"हात काढ गं," ती हळूच म्हणाली.

"राहू दे," मी हाताआडून म्हणाले.