टीव्हीवरची उपाशी आई

योगिनी टीव्हीवर दिसली तेव्हा सगळ्यांत मोठा धक्का बसला तो सासूबाईंना, आणि तोही महागाईचा नव्हे, गाऊनचा.

"अगं, गाऊनवर? सगळ्या भोपाळनं बघितलं! कपाटातली ती चंदेरी काय शोभेला ठेवलीय?"

आता चंदेरी तर तिनं नेसली होती. खालच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी ऋचा एका न्यूज चॅनलवर कामाला होती. ती सकाळीच कॅमेरावाल्याला घेऊन दारात उभी राहिली. "भाभी, बस दो मिनट! महंगाई पर एक गृहिणी चाहिए. जो मिली थी, वो मायके चली गई." योगिनीनं घाईघाईनं केस विंचरले, साडी नेसली आणि आधी दोघांपुढे शेव भुरभुरवून पोह्यांच्या बशा ठेवल्या. दारी आलेल्याला खायला घातल्याशिवाय बोलायला बसायचं तरी कसं?

पोहे संपले तशी ऋचाची नजर घरभर फिरली. फळांची परडी आतल्या खोलीत गेली. एअर फ्रायरवर टॉवेल पडला. चंदेरी उतरली, धुऊन धुऊन विटलेला गाऊन अंगावर चढला. मग प्रश्न आला, "भाभी, घर कैसे चल रहा है?"

"ठीक चल रहा है," योगिनीनं खरं तेच सांगितलं. "तेल महंगा है, दाल कभी ऊपर, कभी नीचे. चल जाता है."

कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली घेतला. ऋचाचा चेहरा पोह्यांत खडा लागल्यासारखा झाला. "इतने में स्टोरी नहीं बनती, भाभी. थोड़ा दिल से बोलिए ना."

आपल्या घरी आलेलं माणूस हिरमुसून जावं हे योगिनीला मुळीच बघवत नसे. पोह्यांचा आग्रह करावा, तसं तिनं एक वाक्यही वाढलं. गाऊनवरची ओढणी सावरत म्हणाली, "बच्चों को खिलाकर जो बचे, वो खाते हैं. नहीं बचा, तो बच्चों से कह देते हैं, हमने खा लिया, भूख नहीं है."

"भाभी, कमाल!" ऋचानं टाळीच वाजवली.

संध्याकाळी तेच वाक्य लागलं. मागे रडवी सारंगी, योगिनीचा चेहरा मुद्दाम फिका केलेला, खाली लाल पट्टी: 'महंगाई की मार, माँ लाचार'. आणि ते संपतं न संपतं तोच त्याच चॅनलवर शेअर बाजार उसळला म्हणून चार कोटवाले एकमेकांचं अभिनंदन करायला लागले. योगिनी बघतच राहिली. देश एकाच वेळी उपाशीही होता आणि त्याला अजीर्णही झालं होतं. मधे फक्त साबणाची जाहिरात.

सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले सासरे, अच्युतराव, दिवसभर बातम्या बघत. पडद्यावर आलं म्हणजे त्याला काहीतरी आधार असणार, ही त्यांची श्रद्धा. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "सूनबाई, खरंच उरत नाही का गं?"

"बाबा, सकाळचा भात तुम्हीच नाही का फोडणी देऊन मागितलात?"

"तसं नव्हे. टीव्हीवर दाखवलं म्हणून विचारलं."

योगिनीचा नवरा निनाद गोविंदपुऱ्याच्या फॅक्टरीतून आला तो हसतच. "फॅक्टरीत विचारतायत, साहेब, भाभीजी को खिलाते नहीं क्या?" नागपूरहून विजयामावशींचा फोन आला, तूरडाळ पाठवू का म्हणून. योगिनीही हसली. चार दिवसांत चॅनलला दुसरी आई सापडली आणि घरातला विषय संपला.

योगिनीची लेक शमिका तेव्हा केजीत होती. त्या सुमारास तिचा डबा रोज चाटूनपुसून रिकामा येऊ लागला, आणि योगिनीनं माहेरी फोन करून कौतुकानं सांगितलंही, "खायला लागली गं पोरगी!" घरी मात्र ती अर्धा कप दुधावरच "पोट भरलं" म्हणायची. फ्रॉक कमरेत सैल व्हायला लागला होता. उंच होतेय, असं योगिनीला वाटलं.

मग एका दुपारी दप्तरातून आंबूस वास आला. योगिनीनं रंगांची पेटी उघडली. आत रंग नव्हते. पोळीचे तुकडे होते, काही वाळून कडक झालेले, काही हिरव्या बुरशीचे. रुमालात बांधलेलं अर्धं केळं काळंठिक्कर पडून रुमालाला चिकटलं होतं. ती तिथंच फरशीवर बसली.

"हे काय गं, सोन्या?"

"तुझं आहे," शमिका म्हणाली.

"माझं?"

"तुला उरत नाही ना. हातात दिलं असतं तर तू म्हणाली असतीस, भूक नाही."

योगिनीनं तिला कुशीत ओढलं. तिच्या हाताला पोरीच्या पाठीची हाडं लागली. "अगं वेडे, ते खोटं खोटं होतं! ऋचामावशीसाठी बोलले मी. मी खाते की!"

"कधी?"

योगिनी आठवू लागली. ती खायची ती सगळे गेल्यावर, ओट्याशी उभ्यानं, एका हातात फोन धरून. रात्री शमिका झोपल्यावर. सणावाराला तर वाढण्यातच असायची. आईपुढे ताट आहे आणि आई जेवतेय, असं या पोरीनं जन्मात पाहिलं नव्हतं. ते भयंकर वाक्य आपण बनवून सांगितलं, असं तिला वाटत होतं. पोरीनं ते ताडून पाहिलं होतं, आणि ते बरोबर निघालं होतं.

"नंतर खाते मी. रोज."

"टीव्हीत पण तू तसंच म्हणालीस."

योगिनीनं तिला उचलून फ्रिजपाशी नेलं, डबे उघडून दाखवले. शमिकानं बोट लावून सांगितलं, "हे आजोबांचं. हे बाबांचं. हे माझं." मग तिनं बोट खाली घेतलं.

संध्याकाळी योगिनीनं टेबलावर पानं घेतली आणि सगळ्यांच्या आधी स्वतः बसली, शमिकाला शेजारी घेऊन.

"आधी तू?" सासूबाई दचकल्या. मग ओट्यावर उघडी पडलेली रंगांची पेटी त्यांनी पाहिली. त्यांनी तव्यावरची पोळी सुनेच्या पानात वाढली, वर तूप सोडलं. अच्युतरावांनी, सांगावं न लागता, टीव्ही बंद केला.

योगिनीनं घास घेतला. शमिकानं तिच्या गालावर बोट दाबून आत घास आहे ना ते पाहिलं.

"गिळ."

तिनं गिळला.

"आ कर."

तिनं आ केला. पोळी संपली, दुसरी संपली. शमिकाचा हात हळूहळू आपल्या पोळीकडे निघाला. सासूबाई तिसरी घेऊन आल्या आणि योगिनीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "नको आई, पोट भरलं."

शमिकाचा हात तिथल्या तिथे थांबला आणि मांडीवर परत गेला.

"वाढा, आई," योगिनी घाईनं म्हणाली. "वाढा. भूक आहे मला. खूप आहे."

गळ्याशी आलं होतं, तरी ती चावत राहिली. शमिका तिच्या जबड्याकडे टक लावून बसली होती. बऱ्याच वेळानं, नजर न हलवता, तिनं आपल्या पोळीचा तुकडा तोडला आणि तोंडात घातला.